झुंबर लागल्याशिवाय

लग्नसराई आली हे मला पंचांगावरून कळत नाही. संध्याकाळी गंगापूर रोडवर रिक्षा पुढे सरकेनाशी झाली, की कळतं. दोन्ही बाजूंना लॉन्स. पूर्वी इथे द्राक्षांचे मळे होते. आता वेलींच्या जागी खुर्च्यांच्या रांगा आहेत, पांढरे झगे घातलेल्या, पाठीमागे साटीनची गाठ मारलेल्या. खुर्चीलाही नटवल्याशिवाय हल्ली कोणी कोणाच्या गळ्यात माळ घालत नाही.

परवा अशाच गर्दीत अडकलो होतो. उजवीकडे हिरवळीवर एक लोखंडी कमान उभी केली होती आणि तिला भलंमोठं झुंबर टांगलं होतं. वर छत नाही, बाजूला भिंती नाहीत. वैशाखातलं उघडं आकाश, आणि त्यातलं काही दिसू नये इतक्या उजेडाचं झुंबर. मी बघतोय हे रिक्षावाल्याने आरशात पाहिलं.

"लय भारी ना? भाड्याचं असतं ते. उद्या दुसऱ्या लॉन्सवर जाईल."

म्हणजे झुंबरंही आता हिंडतात. मला त्या झुंबराचा थोडा हेवा वाटला. आमचं झुंबर एका जागी होतं आणि त्याच्याखाली आम्ही.

आमचं म्हणजे आमचं नव्हे. माझे वडील, अण्णा, पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयाचे मॅनेजर होते. कार्यालयाच्या मागच्या अंगाला, भटारखान्याला लागून दोन खोल्या होत्या, त्यात आम्ही राहायचो. अण्णा, आई, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी शैलाताई आणि मी. कार्यालयाला मालकांच्या आईचं नाव दिलेलं होतं, पण ते फक्त पाटीवर. गावात सगळे 'झुंबरवालं कार्यालय' म्हणत. हॉलच्या मधोमध ते लोंबायचं. पितळी दांड्या, त्यांना वळणदार फांद्या, फांद्यांना काचेचे लोलक. मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणत, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्याखाली उभं करायचे आणि वर बोट दाखवून म्हणायचे, "राजवाड्यातलं आहे." राजवाडा कुठला ते पार्टी बघून ठरे. मी लहान असताना तो इंदूरचा होता. पुढे बडोद्याचा झाला. एकदा मुलाकडचे लोक जरा जास्तच शिकलेले निघाले, तेव्हा झुंबर थेट बेल्जियमहून आलं. पुसायला शिडीवर चढल्यावर ताईला एका फांदीच्या आतल्या बाजूला मुंबईच्या एका दुकानाचा छाप दिसला होता. तिने तो परत पुसला, म्हणजे स्वच्छ केला, आणि खाली उतरली.

उन्हाळा म्हटला की लोकांना आंबा आठवतो. मला ओली गोणपाटं आठवतात, कूलर नव्हते तेव्हा खिडक्यांना टांगलेली. झेंडूचा पहिल्या दिवशीचा वास आठवतो आणि तिसऱ्या दिवशीचाही. गुलाबपाणी आणि फिनेल यांचं मिश्रण. पहाटे भटारखान्यात सुरू होणारा स्टोव्हचा भुसभुसाट, त्यावर कढणारी बासुंदी. सकाळी चहाबरोबर आदल्या दिवशीची जिलबी असायची. इतकी जिलबी, इतका मसालेभात, की आमच्या घरी सणाला पिठलं करत. गुढीपाडव्याला आई विचारायची, "आज काय गोडधोड नको ना?" आणि आम्ही तिघे एकदम नको म्हणायचो. पिठलं-भाकरी आणि कच्चा कांदा हे आमचं पक्वान्न होतं. दुसऱ्यांच्या आनंदावर वाढलेल्या मुलांच्या जिभेचं असंच काहीतरी होत असावं.

बाहेर जाता यायचं नाही. सीझनमध्ये अण्णांना कार्यालय सोडता येत नसे, आणि अण्णांना येत नाही म्हणून आम्हालाही येत नसे. कोणाच्या मुंजीला नाही, गावच्या जत्रेला नाही, मामाकडे तर नाहीच. ताईच्या लग्नाचा प्रश्नही याच्यात अडकला होता. स्थळं सांगून यायची ती लग्नाच्या दिवसांत, आणि लग्नाच्या दिवसांत अण्णांना मान वर करायला वेळ नसे. "सीझन संपू दे, मग निवांत बघू," असं ते म्हणायचे. सीझन संपला की पाऊस लागायचा, चातुर्मास लागायचा, मुहूर्त नसायचे. मुहूर्त असले की आम्हाला सवड नाही. आम्हाला सवड असली की मुहूर्त नाहीत. असं करत ताई सत्तावीस वर्षांची झाली. शेकडो नवऱ्या तिने आपल्या हाताने नटवल्या. वधूच्या खोलीत पिना लावताना कोणी ना कोणी मावशी विचारायचीच, "तुझं कधी गं?"

"रोज असतं," ताई तोंडातली पिन न काढता म्हणायची.

तिचं खरं काम मात्र पिनांचं नव्हतं, बोर्डाचं होतं. हॉलच्या एका टोकाला जिन्यावर एक खोपटं होतं. एक स्टूल, भिंतभर बटणं आणि हॉलमध्ये उघडणारी एक चिंचोळी फट. झुंबर लावणं हे साधं काम नव्हतं. कार्यालयाचं वायरिंग जुनं, त्यामुळे पंखे चालू असताना झुंबर लावलं की फ्यूज उडून सगळंच बंद पडायचं. म्हणून आधी पंखे एकेक करून बंद करायचे, मग झुंबर लावायचं, पाच-दहा मिनिटांनी झुंबर बंद करून पुन्हा पंखे. एवढी कटकट दिवसभर कोण करणार? म्हणून झुंबर फक्त अक्षतांच्या वेळी लागायचं. शेवटचं मंगलाष्टक झालं, अंतरपाट निघाला, की झुंबर. शेठ गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्याकडे ही परंपरा आहे." वायरिंगच्या दोषाची परंपरा व्हायला आठ-दहा वर्षं पुरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. याहून जुन्या परंपरांचं वायरिंग मी तपासलेलं नाही, पण शंका येते.

लोकांनाही सवय झाली होती. भटजींकडे कोणी लक्ष देत नसे. पंखे थांबले की अक्षता मुठीत घट्ट धरल्या जायच्या, झुंबर लागलं की उधळल्या जायच्या. दारात बँड घेऊन उभे असलेले उस्मानभाई तर आत काय चाललंय ते ऐकतच नसत. ते मूळचे मालेगावचे. दारातून उजेड दिसला की क्लॅरिनेट तोंडाला लावायचे.

नव्वदीच्या मध्यावरच्या त्या उन्हाळ्यात मी एम.ए.ची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होतो, म्हणजे पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडत होतो. दुपारी दोन लग्नांच्या मधे वाचनालयात पळायचो. आपण ज्याच्याखाली राहतो त्याचं नाव तरी कुठून आलं ते बघू, म्हणून एकदा कोश काढून बसलो. कंदिलाचा वंश शोधत गेलं तर अरबीतून पार लॅटिनपर्यंत पोचतो, मोठं घराणं आहे. झुंबराचं तसं नाही. दोन पिढ्यांपलीकडे सगळं धूसर, आमच्यासारखंच. हिंदीत झूमर आहे, तो बायकांच्या डोक्यावर लोंबणारा दागिना, आणि फेर धरून नाचतात तो नाचही. झूमना म्हणजे डुलणं, तेव्हा डुलतं ते झुंबर, असा एक तर्क. दुसरा तर्क झुबक्याकडे आणि झुंबडीकडे नेतो. घोस, दाटी, एकमेकांत अडकून एकाच दांड्याला लोंबणाऱ्या पुष्कळ गोष्टी. ठामपणे काही सांगता येत नव्हतं. एवढं मात्र दिसलं, की मुळात कुठेही राजवाडा नव्हता. शब्द अंगावरच्या दागिन्यातून, फुलांच्या घोसातून आलेला, घरगुती. काच आणि थाट त्याला नंतर चिकटले.

घरी येऊन मी हे ताईला सांगितलं. ती बोर्डाच्या खोपटात वर्तमानपत्राने वारा घेत होती.

"डुलतं म्हणे," ती फटीतून वर बघत म्हणाली. "आठ वर्षं ह्या फटीतून बघतेय. हे काही हललेलं मला आठवत नाही."

"मग झुंबड."

"हां. ते पटतं."

उस्मानभाईंना विचारलं तर ते म्हणाले, "हमारे में फानूस बोलते इसको. फानूस का काम क्या, हवा को रोकना. बत्ती बुझनी नहीं चाहिए." मग रुमालाने मान पुसत, "तुम्हारावाला भी वही करता. पंखे बंद."

मे महिन्यात ताईची मैत्रीण नलू आली. नलू सातपूरला विजेची बटणं बनवणाऱ्या एका कंपनीत लागली होती. ताईने आयटीआयचा कोर्स केलेला होता, तो आठ वर्षांत फक्त आमच्या बोर्डावर वापरला गेला होता. नलू म्हणाली, जोडणीच्या कामाला बायका घेताहेत, जागा एकच उरलीय, उद्या तीनच्या आत येऊन भेट, आमचे मॅनेजर परवा पुण्याला चाललेत, नंतर काही खरं नाही. ताईने त्या रात्री जेवताना विषय काढला.

"उद्या मला सातपूरला जायचंय, अण्णा."

"उद्या चांदवडची पार्टी आहे. कांद्याचे व्यापारी. मोठं लग्न आहे."

"मुहूर्त बाराचा आहे. मला तीनपर्यंत पोचायचंय."

"मग अडचण काय?" अण्णा खरोखरच न कळून म्हणाले. "झुंबर लागल्याशिवाय बोर्डावरून उठायचं नाही, एवढंच. मग तू मोकळी."

"ह्याला बसवा ना बोर्डावर."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "हा पंख्यांसकट झुंबर लावेल आणि लोकांना अंधारात लग्न लावावं लागेल."

आईने ताईच्या पानात आमटी वाढली आणि म्हणाली, "मोठी लग्नं बाराला लागत नाहीत." अण्णांनाही ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बाराला नवरदेव फाटकाबाहेर होता, घोड्यावर. त्याच्यापुढे त्याचे मित्र नाचत होते. एक वाजता तो आत आला. मग सत्कार सुरू झाले. ज्यांनी आपल्या आयुष्यात एखादं लग्न जवळून पाहिलेलं नाही त्यांना हा प्रकार सांगून खरा वाटायचा नाही. नवरानवरी बाजूला बसून असतात आणि माईकवरचा माणूस मान्यवरांची नावं पुकारत असतो. आजी सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, ज्यांनी एकदा निवडणूक लढवली ते, ज्यांचा लढवण्याचा विचार आहे ते. प्रत्येकाला शाल, नारळ, फेटा. मी ताट धरून उभा होतो. शाली कमी पडल्या तेव्हा पहिल्या मान्यवरांकडच्या मागून आणून पुढच्यांना घातल्या गेल्या.

पावणेदोनला एकदाचा अंतरपाट धरला. गुरुजींनी दोन अष्टकं म्हटली. तेवढ्यात नवरदेवाचे चुलते पुढे वाकले.

"गुरुजी, जरा लांबवा. साहेब यायचे हायेत. त्यांच्या हातनं अक्षता पडाया पाहिजे."

"साहेब कुठे आहेत?"

"द्वारका चौकात पोचलेत."

"मी किती लांबवू? मुहूर्त तर केव्हाच टळला."

"टळलाच हाय ना, मंग घाई कशाची? आमच्या बाया म्हणतील की."

बाया तयारच होत्या. प्रत्येकीने स्वतः रचलेलं मंगलाष्टक आणलं होतं आणि प्रत्येकात नवरदेवाच्या सात पिढ्या आणि त्यांचे गुण होते. एक आत्या झाली. दुसरी झाली. दर वेळी शेवटी सगळा हॉल 'सावधान' म्हणायचा, अक्षता मुठीत दाबायचा आणि पुन्हा सैल व्हायचा.

मी जिन्यावरून खोपटात गेलो. ताई स्टुलावर बसली होती. निळी साडी, वेणी घट्ट, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली.

"किती राहिल्या?"

"अजून दोघी. आणि ओझरची मामी घसा साफ करतेय."

"साहेब?"

"द्वारकेला."

"अर्ध्या तासापूर्वी पण तिथेच होते."

ती फटीतून खाली बघत होती. अंतरपाटाच्या अलीकडे नवरी उभी होती. तिच्या दोन्ही हातांवर गुलाबांचा हार होता, मखमलाबादचे गुलाब, चांगला जड. तो खाली घ्यायची सोय नव्हती, कारण कुठल्याही क्षणी घालावा लागणार होता. तिचे हात थरथरत होते. कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. सगळे मामीकडे बघत होते.

"अण्णा नक्की काय म्हणाले होते?" ताईने विचारलं.

"झुंबर लागल्याशिवाय उठायचं नाही."

"एवढंच ना?"

ती उठली. तिने पंखे बंद केले, एकेक करून, नेहमीसारखे, कसलीही गडबड न करता. मग झुंबर लावलं.

खाली काय झालं ते मी त्या फटीतून पाहिलं. पंखे थांबताच सगळ्या माना वर झाल्या होत्या. उजेड पडला आणि हजार हात आपोआप सुटले. अक्षतांचा पाऊस पडला. दारात उस्मानभाईंनी क्लॅरिनेट लावली, मागून ढोल सुरू झाले. अंतरपाट धरणाऱ्या दोघांचे हात कधीचे भरून आले होते, त्यांनी तो सोडून दिला. नवरीने एका झटक्यात हार नवरदेवाच्या गळ्यात टाकला. इतक्या मनापासून टाकलेला हार मी त्यापूर्वी किंवा नंतर पाहिला नाही. ओझरच्या मामीचं तोंड उघडं होतं, पण ती म्हणतेय की नाही ते बँडमुळे कळत नव्हतं. कोणाच्या काही लक्षात येईपर्यंत निम्मा हॉल जेवणाच्या टेबलांकडे धावला होता.

ताई माझ्या शेजारून जिना उतरली. "पंखे लावायला विसरू नकोस," एवढं म्हणाली आणि भटारखान्याच्या दाराने बाहेर पडली.

अण्णा धापा टाकत वर आले. "शैला?"

"गेली."

ते काही क्षण रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतः झुंबर बंद केलं, पंखे लावले आणि खाली गेले. मी मागोमाग गेलो. चुलते संतापले होते.

"मॅनेजर, काय केलं हो हे? साहेबांना आता काय तोंड दाखवू? आमची इज्जत गेली ना राव."

शेठ शेजारीच उभे होते. त्यांचा आवाज शांत होता, आणि तो शांत असला की आमच्या दोन खोल्या जातील अशी भीती वाटायची. "कोणी लावलं झुंबर?"

अण्णांनी हात जोडले. जन्मभर ते हात जोडूनच उभे राहिले होते, पण या वेळी त्यांनी मान खाली घातली नाही. "वायरिंग जुनं आहे, शेठ. मी मागेच बोललो होतो. लागतं कधीकधी आपोआप."

राजवाड्यातल्या झुंबराचं वायरिंग जुनं आहे की नाही यावर गिऱ्हाइकासमोर चर्चा करणं शेठना परवडणारं नव्हतं. गुरुजी म्हणाले, "लागलं ते शुभ वेळेलाच लागलं म्हणा, आणि मला जेवायला वाढा." उस्मानभाईंना कोणी काही विचारलंच नव्हतं, तरी ते दारातून म्हणाले, "फानूस जला, हमने बजाया."

साहेब आले तेव्हा दुसरी पंगत बसत होती. "लागलं का? बरं झालं," ते म्हणाले. "मला अजून चार ठिकाणी जायचंय." पण व्हिडिओवाला ऐकेना. त्याने नवरानवरीला पुन्हा उभं केलं, अंतरपाट पुन्हा धरायला लावला, साहेबांच्या हातात अक्षता दिल्या. तेव्हा ते लग्न दुसऱ्यांदा लागलं. घरोघरी कपाटात असते तशी त्यांचीही कॅसेट असेल, तिच्यात हेच दुसरं लग्न आहे. त्यासाठी झुंबरही पुन्हा लावावं लागलं. अण्णांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी वर गेलो आणि आधी पंखे बंद केले.

ताईने सातपूरला पुढे कितीतरी वर्षं काढली. तिथेच खोली घेतली, तिथेच लग्न केलं, कोर्टात, एका गुरुवारी, जेवायच्या सुट्टीत. अजूनही लग्नाचं आमंत्रण असलं की ती थेट जेवायच्या वेळेला येते, नवरीला भेटते, आणि हिरवळीवर कुठे काय टांगलंय तिकडे न बघता निघून जाते. मी मात्र बघत बसतो.

त्या संध्याकाळी ती परत आली तेव्हा दिवे लागले होते. आईने तिला काही न विचारता पिठलं टाकलं. अण्णा दारात बसून पाय चोळत होते. ताईने चपला काढल्या, तोंड धुतलं आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सोमवारपासून या म्हणाले."

अण्णांनी पाय चोळणं थांबवलं नाही. "सोमवारी दोन लग्नं आहेत."

"माहितेय."

"एक सकाळचं, एक गोरज."

"माहितेय, अण्णा. पहिली पाळी सातची आहे."

भटारखान्यात कोणीतरी कढई घासत होतं. मग अण्णा उठले. आत जाताना म्हणाले, "सीबीएस स्टँडवरून सहाची बस धर. नंतरच्या भरून येतात."

सोमवारी ती उजाडायच्या आत गेली. मी सकाळच्या लग्नाला बोर्डाच्या खोपटात जाऊन बसलो. स्टूल माझ्या उंचीला ठेंगणं होतं. एकदा झुंबर लावलेलं होतं तरी अण्णांनी बटणं पुन्हा दाखवली, एकदाच, आणि मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. खाली एक मावशी स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणत होती, तिच्या मागे आणखी दोघी उभ्या होत्या. फटीतून नवरीचे हात दिसत होते. हार जड होता आणि हात थरथरत होते. माझं बोट पंख्यांच्या पहिल्या बटणावर होतं. मनात आलं असतं तर दाबता आलं असतं.

मी शेवटचं 'सावधान' होईपर्यंत थांबलो. मला कुठे पोचायचं नव्हतं.